एकफलकी संगणक

एकफलकी संगणक : प्रक्रियक, स्मृती आणि आदान-प्रदानाची मंडले हे संगणकाचे सर्व आवश्यक घटक ज्यात एकाच मुद्रित मंडल-फलकावर कायमचे बसविलेले असतात, अशा संगणकास एकफलकी संगणक म्हणतात. मेजावरील नेहमीच्या संगणकात स्मृतीच्या पट्ट्या व इतर काही मंडले मुख्य फलकावरील खाचांत स्वतंत्रपणे बसवावी लागतात व ती पुढे बदलता येतात. एकफलकी संगणकात ही सोय बहुधा नसते. तिच्या मोबदल्यात आकार, किंमत आणि वीजवापर यांत मोठी बचत होते. पडदा, कळफलक व विद्युत् पुरवठा जोडला की असा फलक पूर्ण संगणकाप्रमाणे काम करू लागतो. पडदा व कळफलक न जोडताही तो एखाद्या यंत्रात किंवा भिंतीवरील पेटीत वर्षानुवर्षे आपले काम करीत राहू शकतो, आणि त्याचे खरे महत्त्व या दुसऱ्या प्रकारच्या वापरातच आहे.

इतिहास : सूक्ष्मप्रक्रियक उपलब्ध झाल्यानंतर थोड्याच वर्षांत असे फलक बाजारात आले. मॉस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीचा किम-१ हा फलक १९७६ मध्ये २४५ डॉलरला मिळत असे. त्यावरील ६५०२ या प्रक्रियकाची कंप्रता १ मेगॅहर्ट्झ व स्मृती १,१५२ बाइट एवढीच होती. आकडे दाखविण्यासाठी सहा अंकांची दिव्यांची पट्टी आणि आज्ञा देण्यासाठी लहानसा कळसंच फलकावरच असे. असे फलक प्रामुख्याने अभियंते व हौशी अभ्यासक यांच्यासाठी होते. कारखान्यांतील यंत्रांच्या नियंत्रणासाठीही एकफलकी संगणक वापरले जाऊ लागले. परंतु त्यांच्या किमतीमुळे ते सामान्य विद्यार्थ्याच्या हाती फारसे पडले नाहीत.

ही स्थिती पालटली ती इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका प्रयत्नाने. विद्यापीठात संगणकविज्ञानासाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या घटत आहे आणि येणाऱ्या विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहिण्याचा पूर्वीसारखा सराव नाही, असे एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. १९८० नंतरच्या दशकात बीबीसी मायक्रोसारखे घरगुती संगणक सुरू केल्याबरोबर बेसिक भाषेत आज्ञा मागत. पुढील काळातील संगणक वापरण्यास सोपे झाले, परंतु मुलाने ते मोडून-जोडून पाहावेत अशी कोणाची इच्छा नसे. घरातील एकमेव महाग यंत्र बिघडविण्याची मुभा मुलांना कोणते पालक देणार? त्यामुळे बिघडला तरी चालेल इतका स्वस्त संगणक हवा, या विचारातून रास्पबेरी पाय या फलकाची निर्मिती झाली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. त्याची किंमत ३५ डॉलर, प्रक्रियकाची कंप्रता ७०० मेगॅहर्ट्झ आणि स्मृती २५६ मेगॅबाइट होती. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला ‘झीरो’ हा नमुना तर ५ डॉलरचा होता आणि एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाचकांना फुकट देण्यात आला.

पुढील आवृत्त्यांत सामर्थ्य झपाट्याने वाढले. २०१५ मध्ये चार गाभ्यांचा प्रक्रियक, २०१६ मध्ये ६४ अंकी प्रक्रियक व बिनतारी जोडणी, २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत दोन पडद्यांची सोय आणि २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत २.४ गिगॅहर्ट्झ कंप्रतेचे चार गाभे, असा हा क्रम आहे. जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या आवृत्तीचा १६ गिगॅबाइट स्मृतीचा प्रकार निघाला. किम-१ च्या तुलनेत ही स्मृती सु. दीड कोटी पट आहे. बीगलबोन ब्लॅक (२०१३) हा याच वर्गातील आणखी एक परिचित फलक असून एनव्हीडिया कंपनीचे जेटसन फलक (२०१४ पासून) प्रतिमा ओळखण्यासारख्या जड गणनांसाठी वापरतात.

रचना व मर्यादा : रास्पबेरी पाय फलक सु. ८.५ सेंमी. लांब व ५.६ सेंमी. रुंद असतो. त्यावरील मुख्य चिपमध्ये प्रक्रियक व चित्र-प्रक्रियक एकत्र असतात. परिचालन प्रणाली सामान्यतः लिनक्स असून ती नखाएवढ्या स्मृतिपत्रावरून (मेमरी कार्डावरून) सुरू होते. पत्र बदलले की तोच फलक वेगळ्या कामाचा संगणक बनतो. शाळेसाठी हे विशेष सोयीचे आहे, कारण विद्यार्थ्याने प्रणाली कितीही बिघडविली तरी पत्र पुन्हा लिहून काही मिनिटांत सर्व पूर्ववत करता येते.

फलकाच्या कडेला असलेल्या ४० पिनांची दुहेरी रांग हा त्याचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण भाग होय. मेजावरील संगणकाला बाहेरच्या जगातील तापमान, ओल, प्रकाश वा हालचाल सरळ कळत नाही. या पिनांमुळे ते साध्य होते. एखादी पीन आदान म्हणून ठरविल्यास तिच्यावरील विद्युत् दाब आहे की नाही हे आज्ञावलीला वाचता येते, आणि प्रदान म्हणून ठरविल्यास आज्ञावली तिच्यावर दाब देऊ शकते. मात्र हा दाब ३.३ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टचा संवेदक सरळ जोडल्यास चिप कायमची निकामी होण्याचा संभव असतो, आणि नवशिक्यांचे फलक बहुधा याच कारणाने जळतात. पिनेतून मिळणारा प्रवाह काही मिलिअँपिअरच असल्याने पंप किंवा दिवा तिला थेट जोडता येत नाही; मध्ये ट्रँझिस्टर व रिले घालावा लागतो. तसेच या पिना फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच ओळखतात. मातीतील ओलीसारखी हळूहळू बदलणारी राशी मोजण्यासाठी सदृश संकेताचे अंकीय संकेतात रूपांतर करणारी वेगळी चिप लागते.

आणखी एक मर्यादा सामर्थ्यातूनच उद्भवते. लिनक्स प्रणाली एकाच वेळी अनेक कामे आलटूनपालटून करीत असल्याने विशिष्ट आज्ञा नेमक्या कोणत्या मायक्रोसेकंदाला पार पडेल याची हमी नसते. चलित्राला (मोटरला) अचूक अंतराने स्पंद देणे यांसारख्या कामांसाठी आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय पिको (२०२१) यांसारखे सूक्ष्मनियंत्रक फलक अधिक भरवशाचे ठरतात. ते एकच आज्ञावली सतत चालवितात. पुष्कळ यंत्रांत म्हणून दोन्ही एकत्र वापरतात : सूक्ष्मनियंत्रक मोजतो व हलवितो, एकफलकी संगणक विचार करतो, नोंद ठेवतो व संदेश पाठवितो.

वीज अचानक गेल्यास स्मृतिपत्रावरील माहिती बिघडू शकते. ज्या ठिकाणी पुरवठा खंडित होतो तेथे लहान विद्युत् घट (बॅटरी) जोडणे, किंवा प्रणाली पत्रावर वारंवार लिहिणार नाही अशी व्यवस्था करणे, आवश्यक असते. पाचव्या आवृत्तीला पूर्ण भाराखाली सु. १२ वॉट शक्ती लागते व तापमान ८०° से. च्या पुढे गेल्यास ती आपली गती आपोआप कमी करते. त्यामुळे तिला पंखा किंवा उष्णता-विसारक पट्टी लावणे इष्ट असते.

उपयोग : मापनाच्या क्षेत्रात या फलकांनी काय साधले, याचे ठळक उदाहरण हैती या देशात आढळते. तेथे २०१० मध्ये मोठा भूकंप होऊन अपरिमित प्राणहानी झाली. नेहमीचे भूकंपमापक केंद्र महाग असते, त्याला सुरक्षित जागा व अखंड वीज लागते, आणि अशा केंद्रांचे जाळे गरीब देशात चालू ठेवणे कठीण जाते. म्हणून संशोधकांनी रास्पबेरी शेक या नावाचे लहान भूकंपमापक सामान्य नागरिकांच्या घरांत बसविले. यात जमिनीच्या हालचालीने कुंडलात निर्माण होणारा क्षीण विद्युत् संकेत अंकीय रूपात आणला जातो. खालच्या एकफलकी संगणकाकडून त्यावर वेळेची नोंद होते, तो साठविला जातो आणि आंतरजालावरून केंद्राकडे पाठविला जातो. १४ ऑगस्ट २०२१ रोजी ७.२ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा या घरगुती उपकरणांनी मुख्य धक्का व त्यानंतरचे धक्के यांच्या नोंदी जवळून मिळविल्या. त्यांच्या आधारे विभंगाची रचना स्पष्ट करणारा शोधनिबंध २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका घरातील उपकरणाची नोंद व्यावसायिक केंद्राइतकी निर्मळ नसते, कारण चालणाऱ्या माणसांची व वाहनांची कंपनेही तिच्यात उतरतात. पण दूरच्या उत्तम केंद्रापेक्षा जवळचे साधारण केंद्र कित्येकदा अधिक सांगते.

वैद्यकात ओपनफ्लेक्शर हा सूक्ष्मदर्शक उल्लेखनीय आहे. त्याचा सांगाडा त्रिमितीय मुद्रकावर प्लॅस्टिकमध्ये छापतात, प्रतिमा रास्पबेरी पायच्या कॅमेऱ्याने घेतात व नमुना सरकविण्याचे नियंत्रण फलक करतो. रक्तातील हिवतापाचे परोपजीवी पाहण्याच्या दृष्टीने टांझानियात त्यावर काम झाले आहे. सुटा भाग तुटल्यास तो परदेशातून मागविण्याऐवजी तेथेच छापता येतो, हा त्यातील मोठा लाभ आहे.

विमानांकडून १,०९० मेगॅहर्ट्झ कंप्रतेवर प्रक्षेपित होणारे स्थानदर्शक संदेश स्वस्त ग्राही व लहान आकाशक यांच्या साहाय्याने पकडून ते जागतिक जाळ्याला पुरविण्याचे काम अनेक देशांतील हौशी लोक अशाच फलकांवर करतात. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर २०१५ च्या डिसेंबरपासून दोन रास्पबेरी पाय फलक होते व शाळकरी मुलांनी लिहिलेल्या आज्ञावल्या त्यांवर चालविण्यात आल्या. २०२१ मध्ये त्यांच्या जागी नवे फलक पाठविण्यात आले. आंतरजाल न पोहोचलेल्या शाळांत ग्रंथ, ज्ञानकोश व चित्रफिती साठवून आसपासच्या संगणकांना बिनतारी मार्गाने पुरविणे, जाहिरातींचे पडदे चालविणे, त्रिमितीय मुद्रकावर देखरेख ठेवणे, घरातील दिवे व पंखे यांचे नियंत्रण करणे हे उपयोगही रूढ आहेत. कॅमेऱ्यातील वस्तू ओळखण्यासाठी जेटसन फलक किंवा रास्पबेरी पायला जोडावयाची प्रवेगक चिप वापरतात. २०२४ मध्ये निघालेली अशी एक चिप सेकंदाला १३ लक्ष कोटी क्रिया करू शकते. प्रतिमा जागीच तपासली गेल्याने ती दूरच्या केंद्राकडे पाठवावी लागत नाही. खर्च वाचतो व खाजगीपणाही राखला जातो.

लहान आकारामुळे हे संगणक नजरेआड होतात, ही गोष्ट धोक्याचीही आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत परवानगीशिवाय जाळ्याला जोडलेल्या एका रास्पबेरी पायमधून एप्रिल २०१८ मध्ये घुसखोरी झाली व सु. ५०० मेगॅबाइट माहिती चोरीस गेली, असे २०१९ च्या लेखापरीक्षण अहवालात नमूद आहे. मूळचा परवलीचा शब्द न बदलता जाळ्यावर ठेवलेला फलक म्हणजे उघडे दारच होय.

मूल्य : एकफलकी संगणक हा स्वस्त संगणक असतो, हे विधान आता सरसकट खरे राहिलेले नाही. पाचव्या आवृत्तीचा १६ गिगॅबाइटचा प्रकार १२० डॉलरला बाजारात आला. त्यात विद्युत् पुरवठा, पंखा, स्मृतिपत्र व पेटी यांची किंमत मिळविल्यास तेवढ्याच पैशांत वापरलेला कार्यालयीन संगणक मिळू शकतो, आणि पत्रे लिहिणे वा हिशेब ठेवणे या कामांत तो कमी पडत नाही. केवळ गतीसाठी असा फलक घेणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. त्याचे मूल्य पिना, लहान आकार व अल्प वीजवापर यांत आहे. सतत ५ वॉट शक्ती घेणारा फलक वर्षभरात सु. ४४ युनिट वीज वापरतो. ६० वॉटचा संगणक तितक्याच काळात ५२५ युनिट घेतो. दिवसरात्र चालणाऱ्या कामात हा फरक फलकाच्या किमतीएवढा होऊ शकतो. लहान सौरपट्टीवर चालणाऱ्या केंद्रात तर तो निर्णायक असतो. दारावरील संवेदक वाचण्यास मात्र चार गाभ्यांचा प्रक्रियक निरर्थक आहे; तेथे ४ डॉलरचा पिको पुरतो.

सामर्थ्य वाढल्याने कारखान्यांची मागणीही वाढली व तिचा परिणाम मूळ हेतूवर झाला. २०२१ ते २०२३ या काळातील चिपांच्या टंचाईत चौथ्या आवृत्तीच्या एका प्रकाराची किंमत ३५ वरून ४५ डॉलर करावी लागली, आणि एप्रिल २०२२ मध्ये उत्पादकांनी व्यावसायिक ग्राहकांना अग्रक्रम देत असल्याचे जाहीर केले. ज्यांचा उद्योग या फलकावर अवलंबून आहे त्यांचे काम थांबू नये, हे कारण सबळ होते. तथापि ज्या विद्यार्थ्यांसाठी हा संगणक निर्माण झाला त्यांना तो त्या काळात दुकानात मिळेनासा झाला किंवा दुय्यम विक्रेत्यांकडून चढ्या भावाने घ्यावा लागला. जून २०२४ मध्ये रास्पबेरी पाय कंपनीचे भाग लंडनच्या शेअर बाजारात विक्रीस आले.

या फलकांतील प्रक्रियक बहुतांशी आर्म या ब्रिटिश रचनेवर आधारलेले असून तिच्या वापरासाठी परवाना घ्यावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत २०१० मध्ये सुरू झालेली रिस्क-फाइव्ह ही आज्ञासंचाची रचना मुक्त आहे. भारतात चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये शक्ती व पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेत वेगा या प्रक्रियकमालिका तिच्या आधारे विकसित झाल्या आहेत. वेगा मालिकेतील चिप बसविलेले एरीज हे फलक सी-डॅकने काढले असून ते सूक्ष्मनियंत्रकांच्या वर्गात मोडतात.