आठवण दरवेळी नव्याने घडते

स्मृतीविषयी काय वाचावं, असं कुणी विचारलं तर पुणेकराने सुरुवात घरच्याच पुस्तकाने करावी : रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये गेले, पुस्तक 1910 मध्ये आलं. त्यात 1873 साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या मुलीचे संवाद आहेत. शिकते म्हणून घरातल्या बायकांनी मारलेले टोमणेही आहेत. इतक्या वर्षांपूर्वीचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं का?

बहुधा नाही. फ्रेडरिक बार्टलेट यांचं 'रिमेम्बरिंग' (1932) यासाठीच वाचायचं. त्यांनी केंब्रिजमध्ये काही जणांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची कथा वाचायला दिली आणि पुढे ती पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. सीलची शिकार हळूहळू मासेमारी झाली, न उमगलेली भुतं गळून पडली. कुणी मुद्दाम खोटं लिहीत नव्हतं. हाती लागलेल्या तुकड्यांतून मेंदू अर्थ लागेल अशी गोष्ट नव्याने रचतो. रमाबाईंच्या पुस्तकाची किंमत त्याने तसूभरही कमी होत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

मग टिकतं काय? एरिक कॅन्डल यांचं 'इन सर्च ऑफ मेमरी' (2006) या यादीतलं माझं सर्वांत आवडतं. 2000 सालचं नोबेल मिळवून देणारं त्यांचं काम ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीवरचं. तिला एकदा डिवचलं तर परिणाम काही मिनिटांत विरतो. मध्ये थांबून थांबून पुन्हा पुन्हा डिवचलं, की चेतापेशीतली जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं बनतात, पेशीपेशींत नवे सांधे फुटतात. टोमणे रोजचे असले की का विसरत नाहीत, ते इथे कळतं. त्याच पुस्तकात 1938 चं व्हिएन्ना आहे : छोट्या कॅन्डलना नवव्या वाढदिवसाला मिळालेली निळी खेळण्यातली मोटार, आणि दोनच दिवसांनी दारावर पडलेली नाझी पोलिसांची थाप. भीतीच्या क्षणी मेंदूतला अमिग्डला आठवण घट्ट करतो.

पण सगळ्या आठवणी एकाच जातीच्या नसतात. सुझन कॉर्किन यांचं 'पर्मनंट प्रेझेंट टेन्स' (2013) हेन्री मोलेसन यांच्याविषयी आहे. मेंदूवरच्या 1953 च्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. तरी आरशात पाहून चांदणी गिरवण्यात त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला.

इंग्रजी जड वाटत असेल तर आनंद जोशी आणि सुबोध जावडेकर यांचं 'मेंदूतला माणूस' आधी वाचावं. मेंदूची ओळख तिथे मराठीतच होते, मग कॅन्डल सोपे जातात.