महिनाअखेरचा हिशेब दर जुम्मेरातीला

मालेगावच्या एखाद्या यंत्रमाग कारखानदाराला विचारा, गेल्या महिन्यात किती सुटले? उत्तर मिळते, 'मुनीमजींनी हिशेब केला की सांगतो.' तो होतो पंधरवड्याने. तोवर पुढचे सूत उधारीवर उचललेले असते!

उशीर बेरजेला लागत नाही, कागद गोळा करायला लागतो. सूतवाल्याचे बिल खिशात, मजुरीची चिठ्ठी गल्ल्यात, बँकेचा उतारा तर कोणी पाहिलेलाच नसतो. बिल आले त्याच दिवशी वहीत चढवावे आणि जुम्म्याच्या सुट्टीआधी, जुम्मेरातीला, रोकड व बँक जुळवून टाकावी. मग महिनाअखेरीस उरते फक्त सूत, मागावरचे बीम आणि तयार कापड यांची मोजदाद. बीमवर उरलेले सूत अंदाजाने धरले तरी चालेल, मात्र दर महिन्याला एकाच रीतीने.

जीएसटीमुळे या घाईला पैशाचे मोल आले आहे. सूतवाल्याने आपल्या विवरणात बिल दाखवले नसेल, तर २०२२ पासून त्यावरील कराची वजावट अडकते. दरमहा विवरण भरणाऱ्या सूतवाल्याची मुदत ११ तारीख. १४ तारखेला आपली 'टू-बी' यादी निघते, २० तारखेला आपला भरणा. यादीत बिल नाही हे १९ तारखेला कळून काय उपयोग? पाच तारखेलाच वही तयार असेल, तर सूतवाल्याला वेळेत फोन करता येतो.