मेघ भाड्याचा, जबाबदारी मालकाची

व्यापारउदिमाच्या जगात गेली काही वर्षे ‘क्लाउड’ या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. नाव आकाशातले, पण वस्तू पक्की जमिनीवरची. आपला हिशेब, आपली बिले, गिऱ्हाइकांचे पत्ते, कामगारांची हजेरी हे सारे आपल्या कारखान्यातल्या संगणकात न ठेवता दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रशाळेत ठेवायचे, इंटरनेटवरून ते वापरायचे आणि वापराप्रमाणे भाडे भरायचे, एवढाच त्याचा अर्थ. ढगात काहीच नसते. जे असते ते नवी मुंबईच्या महापे-ऐरोलीत, पुण्यात, हैदराबादेत असते आणि आमच्या नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतही असते.

होय, सातपुरात. नाशिक म्हटले की बाहेरच्यांना द्राक्षे, कांदा, कुंभमेळा आणि नोटांचा छापखाना एवढेच आठवते. परंतु २००५ साली पीयूष सोमानी यांनी याच शहरात ईएसडीएस ही कंपनी सुरू केली आणि सातपुरात तिचे डेटा सेंटर उभे राहिले. पुढे मुंबई आणि बंगळुरूतही तिने केंद्रे काढली. ‘ईनलाइट’ या तिच्या क्लाउडची खुबी अशी की, कामाचा ताण वाढला की गिऱ्हाइकाला मिळणारी संगणकाची ताकद आपोआप वाढते, ताण उतरला की कमी होते आणि बिल त्याप्रमाणे येते. या तंत्राला अमेरिकेचे पेटंट मिळाले. सहकारी बँका आणि सरकारी खाती तिची गिऱ्हाइके झाली. २०२१ साली तिने भांडवल बाजारात उतरण्यासाठी सेबीकडे मसुदाही दाखल केला होता. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय संगणकाचा मोठा धंदा करता येत नाही, हा समज नाशिकमधूनच खोडला गेला, याची नोंद घेतली पाहिजे.

उद्योजक क्लाउडकडे का वळले? हौसेने वळले असे कुणी म्हणत असेल तर ते खरे नाही. अंबड-सातपूरच्या लहान कारखानदाराला पूर्वी स्वतःचा सर्व्हर घ्यायचा तर लाखांच्या घरात पैसे आधी ओतावे लागत. त्याला वातानुकूलित खोली, यूपीएस, देखभालीला माणूस आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा नवा सर्व्हर. क्लाउडमध्ये हेच काम महिन्याच्या भाड्यावर येते. ज्यांच्या पाठीशी बापजाद्यांचे भांडवल नाही, बँकेत गेले की तारण काय म्हणून ज्यांना आधी विचारले जाते, अशा पहिल्या पिढीच्या उद्योजकाला याचा अर्थ नीट कळतो. मोठ्या कंपनीकडे जी यंत्रणा आहे, तशीच तो महिन्याच्या हप्त्यावर वापरू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरे कारण सरकारी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवरील उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले आणि ती मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. म्हणजे जॉबवर्क करणाऱ्या मध्यम वर्कशॉपलाही बिल फाडण्यापूर्वी सरकारी पोर्टलवर जावे लागते. व्यापाऱ्याला इंटरनेटवर नेऊन बसवले ते कायद्याने. सरकार स्वतःही तिकडेच गेले. केंद्राने ‘मेघराज’ या नावाने आपली क्लाउड योजना आखली आणि जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सरकारी खात्यांसाठी सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले.

खरे तर नाशिकचा शेतकरी याही आधी या वाटेने गेला होता. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यातीला मोठा दणका बसला. त्यानंतर अपेडाने २००६ च्या सुमारास ‘ग्रेपनेट’ ही यंत्रणा आणली. बागेची नोंदणी, तपासणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, निर्यातीचा दाखला हे सारे एका मध्यवर्ती यंत्रणेत इंटरनेटवरून नोंदवले जाऊ लागले. युरोपातल्या दुकानातली पेटी दिंडोरी-निफाडच्या कोणत्या बागेतली, हे सांगता येऊ लागले. त्या शेतकऱ्याने क्लाउड हा शब्दही ऐकला नव्हता, पण त्याचा धंदा दुसऱ्याच्या संगणकावर चालू झाला होता. मग २०१० साली पुन्हा घाला आला. क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि युरोपात माल अडकला. ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. यादीत जे नाही ते यंत्रणेला दिसत नाही, हा धडा नाशिकने पैसे मोजून घेतला आहे.

क्लाउडचे समर्थक नेहमी विजेचे उदाहरण देतात. घरोघरी कुणी जनित्र ठेवत नाही, तारेतून वीज घेतो आणि मीटरप्रमाणे पैसे भरतो, तसेच हे, असे ते म्हणतात. उदाहरण चांगले आहे, म्हणूनच ते अर्ध्यावर सोडता कामा नये. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना विजेचा प्रश्न बाबासाहेबांकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीज पुरवठ्यासंबंधीच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मुळालाच हात घातला होता: वीज खासगी मालकीची असावी की राज्याच्या? ती स्वस्त आणि मुबलक कशी मिळेल? विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबीतून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असे त्यांनी स्पष्टच मांडले. आज विजेचे उदाहरण देणारे तारेपाशी थांबतात आणि तारेच्या पलीकडे मालक कोण, दर कोण ठरवतो, जोडणी तोडण्याचा अधिकार कुणाचा, हे विचारत नाहीत.

आणि वीज व क्लाउड यांत एक मोठा फरकही आहे. वीज मंडळाने आपल्या घरात वीज सोडली म्हणून आपल्या खतावण्या मंडळाच्या कपाटात जात नाहीत. क्लाउडमध्ये जातात. आमच्याकडे आलेल्या एका लहान उद्योजकाचे प्रकरण असेच होते. पुरवठादाराने भाडे वाढवले, याने ते नाकारले, तर त्याचे खाते बंद. सहा वर्षांची बिले, येणी, माल दिल्याच्या नोंदी कुलपात. करार पाहायला मागितला तर करार म्हणजे पडद्यावर ‘मान्य आहे’ म्हणून दाबलेले बटण. वाद झाल्यास न्यायालय परराज्यातले, असेही त्यात लिहिलेले होते. नोटीस दिल्यावर माहिती मिळाली, पण दुसऱ्या कोणत्याही प्रणालीत सरळ चढणार नाही अशा स्वरूपात.

हा लहान माणसाचा अनुभव म्हणून कुणी झटकून टाकू नये. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. कंपनी भारतातली, गुजरातमधल्या वाडीनारची तिची रिफायनरी देशातल्या मोठ्या रिफायनऱ्यांपैकी एक. भारतीय कायद्याने तिच्यावर कोणतीही बंदी नव्हती. तरी मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या आणि कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद पडले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा पूर्ववत झाली. तिला महागडे वकील लावता आले. अंबडच्या कारखानदाराने कुठे जायचे?

त्याआधी वर्षभर, ३१ जुलै २०२४ ला, दुसरा प्रकार घडला. लहान बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. धोका पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिची यंत्रणा तात्पुरती तोडली आणि देशातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे ग्राहक यूपीआय-एटीएमपासून तुटले. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाल्या. पण एका ठिकाणचे कुलूप फुटले की ३०० तिजोऱ्या बंद, हे त्या दिवशी दिसले. लहान बँकांना स्वतःची यंत्रणा परवडत नाही म्हणूनच त्या एकत्र येतात, हे आम्हांला मान्य आहे. त्यांनी परत चोपड्यांकडे जावे असे आम्ही म्हणत नाही. धोका एका जागी गोळा होतो, तेव्हा पर्यायी सोयही ठेवलीच पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये आर्थिक क्षेत्रासाठी स्वतंत्र क्लाउड उभारण्याचे जाहीर केले, ते या दृष्टीने योग्य पाऊल होय.

आता कायद्याकडे येतो, कारण येथे गैरसमज फार आहेत. माहिती क्लाउड कंपनीकडे आहे, तेव्हा चोरी झाली तर जबाबदारी तिची, असे बहुतेक व्यापारी धरून चालतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तसे म्हणत नाही. ज्या धंद्याने लोकांची माहिती घेतली तोच कायद्यापुढे उत्तरदायी, मग ती त्याने कुणाकडेही ठेवलेली असो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. म्हणजे मे २०२७. दवाखाने, शिकवण्या, पतसंस्था, कामगार पुरवणारे ठेकेदार हे सारे यात येतात.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. धनादेश परत आला, माल पोचूनही पैसे बुडवले, तर न्यायालयात हिशेब दाखवावा लागतो. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते दोन भागांत आले, एक भाग पक्षकाराचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. परक्या शहरातला सर्व्हर उचलून नाशिकच्या न्यायालयात आणता येत नाही. तेव्हा प्रमाणपत्र कोण देणार, हे करारातच ठरलेले असले पाहिजे. कंपनी कायद्याखालील नियमांनुसार हिशेबाच्या पुस्तकांची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर असणेही २०२२ पासून बंधनकारक आहे. किती कंपन्यांनी हे आपल्या पुरवठादाराला विचारले आहे?

पुढे काय? ही लाट ओसरणारी नाही. ॲमेझॉनच्या क्लाउड कंपनीने २०३० पर्यंत महाराष्ट्रात आठ अब्ज डॉलरहून अधिक गुंतवणूक करण्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे यंत्रशाळांची भूक आणखी वाढणार. या यंत्रशाळांना वीज आणि पाणी भरपूर लागते, कायम नोकऱ्या मात्र गुंतवणुकीच्या मानाने थोड्याच निघतात. तेव्हा आमच्या मुलांनी केवळ सुरक्षारक्षकाच्या आणि सफाईच्या ठेक्यावर समाधान मानायचे काय? आयटीआय आणि तंत्रनिकेतनात सर्व्हर व नेटवर्क सांभाळण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्याचे शुल्क शिष्यवृत्तीतून भागले पाहिजे.

तोवर उद्योजकांनी एक काम करावे. एकेकट्याने करारातला शब्द बदलत नाही, शंभर जणांनी मिळून बदलतो. नाशिकमध्ये निमासारखी उद्योजकांची संघटना आहे, सहकारी बँकांच्या संघटना आहेत. त्यांनी मराठीत एक नमुना करार तयार करावा. त्यात भाडे थकले तरी माहिती अमुक दिवस उघडी राहील, ती इतरत्र वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, न्यायालयासाठी प्रमाणपत्र मिळेल आणि वाद नाशिकच्याच न्यायालयात चालेल, ही कलमे असावीत. आणि आपल्या हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला आपल्याच कपाटातल्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, खर्चही फारसा येत नाही.