विश्लेषण : गुगलमुक्त फोनमध्ये खासगीपण मिळते; पण ‘यूपीआय’ चालते का?

कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरील कुरुंदवाडमध्ये पावसाळ्यात कुणाचा फोन हातातून सुटत नाही. कोयनेतून विसर्ग किती, राजापूर बंधाऱ्याची पातळी काय, अलमट्टीतून पाणी किती सोडले, हे सारे आधी व्हॉट्सॲपवर कळते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर ती सवयच झाली आहे. पाऊस सरला की त्याच फोनवर उसाच्या बिलाचा मेसेज येतो, भाजीचे पैसे जातात, ई-पीक पाहणीत पिकाची नोंद होते. एवढे सगळे ज्या यंत्रात जमा होते, ते यंत्र मालकाविषयी कुणाला काय कळवते, हा प्रश्न आता शिरोळ तालुक्यातही विचारला जाऊ लागला तर नवल नाही. त्यावर एक टोकाचा उपाय आहे. फोनमधील कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम पुसून खासगीपण जपणारी दुसरी बसवायची. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ज्याला ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे मूळ सॉफ्टवेअर परत येत नाही, नवे येते.

फोन नुसता पडून असताना काय करतो?

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील प्रा. डग्लस लीथ यांनी मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींची तपासणी प्रसिद्ध केली. कुणी हात न लावता ठेवलेला फोनही सरासरी साडेचार मिनिटांनी आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, असे त्यात आढळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लीथ आणि एडिनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी सॅमसंग, शाओमी, रिअलमी आणि हुआवे यांचे युरोपात विकले जाणारे फोन तपासले. वापरकर्त्याने कोणते ॲप कधी उघडले आणि किती वेळ पाहिले, याचा तपशील शाओमीचा फोन कंपनीकडे पाठवत असल्याचे त्यांनी नोंदवले. मायक्रोसॉफ्ट, लिंक्डइन, फेसबुक यांची आधीपासून भरलेली ॲप कधीच उघडली नसली, तरी त्यातली काही माहिती पाठवत होती. फोन चालण्यासाठी असा संवाद आवश्यक असतो, अशी गुगलची भूमिका होती.

याच अभ्यासात ‘लिनिएजओएस’ आणि ‘ई-ओएस’ या दोन पर्यायी प्रणालीही होत्या. लिनिएजओएसवर गुगलची ॲप टाकली की गुगलकडे माहिती जातच राहिली. ई-ओएसमधून मात्र बाहेर जवळपास काहीच गेले नाही. म्हणजे प्रणाली बदलून फरक पडतो, पण केवळ बदलली म्हणून पडतोच असे नाही. कोणती निवडली आणि तिच्यावर पुन्हा काय बसवले, यावर सारे ठरते.

पर्याय कोणते?

अँड्रॉइडचा गाभा खुला आहे. त्यातून गुगलच्या सेवा वगळून कुणालाही स्वतःची आवृत्ती तयार करता येते. भारतीय ग्राहकाने याची चव पूर्वीच घेतली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आलेले ‘यू युरेका’ आणि ‘वनप्लस वन’ हे दोन्ही फोन ‘सायनोजेन’वर चालत, आणि भारतातील हक्क कुणाचे यावरून वाद थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. सायनोजेनचा गाशा २०१६ च्या अखेरीस गुंडाळला गेला. तिच्या मुक्त कोडमधूनच लिनिएजओएस उभी राहिली. जुन्या, कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनला सुरक्षेचे नवे अपडेट मिळवून देण्यासाठी ती आजही उपयोगी आहे.

जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या कंपनीच्या ‘भारओएस’चा गाजावाजा झाला. केंद्रीय मंत्र्यांनी तिची चाचणीही घेतली. मात्र ती गोपनीयतेची कडक गरज असलेल्या संस्थांसाठी मांडली गेली. कुरुंदवाडच्या ग्राहकाने दुकानात जाऊन मागावी अशी ती वस्तू नव्हे.

सुरक्षेच्या बाबतीत सर्वाधिक नाव घेतले जाते ते ‘ग्राफीनओएस’चे. ती गुगलपासून दूर नेते, पण बसते फक्त गुगलच्याच पिक्सेल फोनवर! कारण तांत्रिक आहे. बहुतेक फोनचे कुलूप, म्हणजे बूटलोडर, एकदा उघडून परकी प्रणाली बसवली की ते पुन्हा लावता येत नाही. अशा फोनमध्ये खासगीपण वाढते आणि सुरक्षा घटते. फोन चोरणाऱ्याच्या हाती मागचे दार उघडे राहते. पिक्सेलमध्ये नव्या प्रणालीच्या किल्लीनेच कुलूप पुन्हा लावता येते. त्यानंतर फोन दर वेळी सुरू होताना पिवळी सूचना दाखवतो. कुलूप उघडेच असेल, तर सूचना नारिंगी असते.

या प्रणालीत कोणत्याही ॲपचे इंटरनेट तोडता येते. बॅटरीच्या ॲपला इंटरनेट कशाला हवे, या प्रश्नाचे उत्तर येथे एका बटणात मिळते. संपूर्ण फोनबुकऐवजी निवडक नंबरच ॲपला दाखवता येतात. १८ तास कुलूपबंद राहिलेला फोन आपोआप पुन्हा सुरू होतो, त्यामुळे आतील माहिती बाहेर काढणे अवघड जाते. गुगल प्ले हवे असेल तर तेही बसवता येते. पण विशेष अधिकारांशिवाय, इतर ॲपच्या रांगेत.

बसवायचे कसे?

पिक्सेलवर हे काम वाटते तितके अवघड नाही. फोटो, फोन नंबर, व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी बाहेर काढायचा, कारण कुलूप उघडताना आणि लावताना फोन पूर्ण पुसला जातो. सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवले की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडते. तेथे ‘ओईएम अनलॉकिंग’ सुरू करायचे. फोन बंद करून पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबले की बूटलोडरचा पडदा येतो. मग चांगल्या यूएसबी केबलने संगणकाला जोडून ग्राफीनओएसच्या अधिकृत संकेतस्थळावरील इन्स्टॉलर सांगेल त्या क्रमाने पुढे जायचे. शेवटी कुलूप लावायला विसरायचे नाही. केबल सैल असणे किंवा मध्येच वीज जाणे हे येथले नेहमीचे विघ्न, म्हणून लॅपटॉप चार्ज असलेला बरा. पिक्सेलवर गुगलची मूळ प्रणाली परत आणण्याची सोयही खुद्द गुगलच्याच ऑनलाइन साधनात आहे.

इतर फोनची गोष्ट वेगळी. शाओमीत परवानगीसाठी खाते जोडून थांबावे लागते आणि अलीकडे नियम आणखी आवळले आहेत. आपल्याकडे मोठ्या संख्येने दिसणाऱ्या काही ब्रँडमध्ये तर कुलूप उघडण्याची अधिकृत वाटच नाही. तेथे कुणी ‘करून देतो’ म्हणत असेल तर फोनची वीट होण्याची शक्यता धरून चालावे. हप्त्यावर घेतलेल्या आणि वित्त कंपनीचे लॉक असलेल्या फोनला तर हातच लावू नये.

खरी अडचण यूपीआयची

ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे व्यवहार प्रथमच एका महिन्यात २ हजार कोटींवर गेले. चहाच्या गाड्यावरही क्यूआर कोड आहे. आणि नेमके येथेच पर्यायी प्रणालीचे पाऊल अडते.

बँका आणि पेमेंट ॲप उघडताना गुगलच्या ‘प्ले इंटेग्रिटी’ सेवेला विचारतात, हा फोन मंजूर अवस्थेत आहे का? ग्राफीनओएसचा फोन यातील मूलभूत चाचणी पार करतो; पुढच्या, गुगलच्या प्रमाणपत्रावर बेतलेल्या चाचणीत अडतो. ॲप किती कडक चाचणी लावते ते ज्याचे त्याच्यावर. त्यामुळे एका बँकेचे ॲप सुरळीत चालते, दुसऱ्याचे उघडताच बंद पडते आणि आज चाललेले उद्याच्या अपडेटनंतर चालेलच असे नाही. यातला विरोधाभास बोचणारा आहे. वर्षानुवर्षे सुरक्षेचा अपडेट न मिळालेला जुना फोन मूळ प्रणाली असल्यामुळे अनेकदा पास होतो, आणि ताज्या अपडेटसह कुलूपबंद असलेला फोन नापास. चाचणी सुरक्षेची म्हटली जाते. तपासला जातो तो शिक्का.

कडक ॲप अडले तर *९९# हा इंटरनेटविना चालणारा मार्ग उरतो. त्यावर एका वेळी ५ हजार रुपयांपर्यंत पैसे पाठवता येतात. क्यूआर कोड मात्र स्कॅन होत नाही. दिवसभर गिऱ्हाईक करणाऱ्या दुकानदाराला तो पुरणारा नाही.

पुराच्या रात्रीचे काय?

नदीकाठच्या गावाने विचारावा असा हा प्रश्न आहे. बहुतेक ॲपच्या सूचना गुगलच्या सेवेमार्फत येतात. ती सेवाच नसेल, तर काही ॲपचे संदेश उशिरा येतात किंवा ॲप उघडल्यावरच दिसतात. काही ॲप स्वतःची जोडणी चालू ठेवतात, पण बॅटरी अधिक खातात. वीज गेलेल्या घरात हे परवडत नाही. घरात बसून जागेचा ठिकाणा शोधायलाही वेळ लागू शकतो, कारण गुगलची वाय-फायवरून जागा ओळखणारी सोय नसते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे साधा कॉल. जिओचे जाळे केवळ ४जी-५जीवर आहे. जुन्या फोनवर कुणी हौशी मंडळींनी बनवलेली रॉम टाकली आणि तीत व्हीओएलटीई चालले नाही, तर त्या सिमवरून कॉल लागत नाही. एसएमएसद्वारे येणाऱ्या ओटीपीचेही तसेच. घरातील एकमेव फोनवर हा प्रयोग करू नये, असे सांगितले जाते ते यासाठी. ई-पीक पाहणीसारखी जागा आणि फोटो मागणारी ॲप हंगामाआधीच चालवून पाहावीत. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी नव्हे.

आणि खासगीपण म्हणजे अदृश्य होणे नव्हे. सिम चालू असेपर्यंत मोबाइल कंपनीला फोन कोणत्या टॉवरखाली आहे हे कळतच असते. व्हॉट्सॲप बसवले की कुणाशी, कधी संपर्क झाला ही माहिती त्या कंपनीकडे जातेच. प्रणाली बदलल्याने थांबते ती पार्श्वभूमीला चालणारी, न विचारता होणारी पाठवणी.

कायदा काय म्हणतो?

स्वतःच्या फोनची प्रणाली बदलण्यावर भारतात बंदी नाही. खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यास त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच भरण्याचा आदेश केंद्राने काढला. ओरड झाल्यावर काही दिवसांतच, डिसेंबरच्या सुरुवातीला, तो मागे घेतला गेला. फोनमध्ये काय भरायचे हे कुणी ठरवायचे, हा वाद तेव्हा प्रथमच घराघरांत पोहोचला.

ज्यांना करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी सोपा मार्ग दुसऱ्या फोनचा. रोजचा व्यवहार, बँक आणि यूपीआय जुन्या फोनवर तसेच ठेवायचे आणि वेगळा पिक्सेल घ्यायचा. वापरलेला पिक्सेल घेताना पैसे देण्याआधी ‘ओईएम अनलॉकिंग’चे बटण सुरू होते का, ते दुकानातच पाहावे. परदेशातील मोबाइल कंपनीच्या करारातून आलेल्या काही फोनमध्ये ते कायमचे बंद असते. कंपनीचे अपडेट किती वर्षे उरले आहेत तेही विचारावे. २०२२ च्या पिक्सेल ६ए ला ते जुलै २०२७ पर्यंतच आहेत, तर पिक्सेल ८ ला २०३० पर्यंत. महिनाभर दोन्ही फोन सोबत वापरून आपल्या बँकेचे ॲप नव्यावर टिकते का, ते पाहावे. टिकले नाही, तर तो फोन फोटो, पत्रव्यवहार आणि वाचनापुरता ठेवता येतो.