जुन्या छोट्या इंजिनांची दुरुस्ती : आधी मोजा, मग खोला

गॅरेजमध्ये जुने इंजिन आले की आपल्याकडचा मिस्त्री आधी पान्याला हात घालतो. गिऱ्हाईक समोर उभे असते, काम सुरू झालेले त्याला दिसावे लागते, म्हणून हेड खोलले जाते. हेड खोलले की पिस्टन-रिंगचा खर्च निघतो आणि दोष मात्र कधी कधी टाकीच्या झाकणात असतो. पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि नाव मिस्त्रीचे जाते.

या विषयावर लिहिताना आम्ही उदाहरण दूरचे घेतले आहे. अमेरिकेत मोठे आवार असलेल्या घरांसाठी ‘गार्डन ट्रॅक्टर’ नावाचे छोटे यंत्र मिळते. गवत कापणे, बर्फ ढकलणे, भाजीच्या वाफ्यांत छोटा नांगर ओढणे ही त्याची कामे. १९६० आणि १९७० च्या दशकांत बनलेले असे ट्रॅक्टर तिथे आजही चालतात, विकले जातात आणि त्यांच्या दुरुस्तीवर कित्येक कारागिरांची रोजी चालते. पन्नास-साठ वर्षांचे एक सिलिंडरचे इंजिन इतके टिकते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्याच जातीची इंजिने आपल्याकडे पाण्याच्या पंपावर, फवारणी यंत्रावर, जनरेटरवर आणि पॉवर टिलरवर रोज दुरुस्तीला येतात.

इंजिन कोणते?

या ट्रॅक्टरांतील नामवंत नावे अशी. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे १९४६ मध्ये सुरू झालेली ‘व्हील हॉर्स’, १९६०-६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने काढलेला ‘कब कॅडेट’ आणि १९६३ मध्ये आलेला जॉन डिअरचा ‘११०’. कब कॅडेट आणि ११० या दोघांच्या पहिल्या मॉडेलमध्ये कोहलर कंपनीचेच ७ हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन होते. हीच कोहलर कंपनी आपल्याकडचे दुकानदार न्हाणीघरातील नळ आणि टबांसाठी ओळखतात. १८७३ साली विस्कॉन्सिन राज्यात तिची सुरुवात झाली.

तिच्या ‘के’ मालिकेतील इंजिनांची रचना अगदी साधी आहे. एक सिलिंडर, हवेने थंड होणारा बिडाचा ब्लॉक, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला आणि वर सपाट हेड. के-१८१ हे ८ हॉर्सपॉवरचे, के-२४१ हे १० चे, के-३०१ हे १२ चे, के-३२१ हे १४ चे आणि के-३४१ हे १६ चे. तेलाचा पंप यात नाही. कनेक्टिंग रॉडला खाली एक पळी असते, ती तेल उडवते आणि त्यावरच सारे भाग चालतात.

या इंजिनाच्या आयुष्याचे रहस्य बिडाच्या ब्लॉकमध्ये आहे. बोअर झिजला की तो १०, २० किंवा ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा करता येतो आणि त्या मापाचे पिस्टन व रिंग कंपनीच पुरवत असे. क्रँकची पिन १० थाऊ घासली तर तेवढ्या लहान मापाचा रॉडही मिळे. म्हणजे हे इंजिन झिजणार, पुन्हा मापात आणले जाणार आणि पुन्हा चालणार, हे बनवणाऱ्याने आधीच धरले होते. शिवाय प्रत्येक माप दुरुस्तीच्या पुस्तकात छापलेले होते.

खोलण्याआधीची तपासणी

आता मुद्द्याचे. इंजिन चालत नाही किंवा ओढत नाही, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले तर पुढचा क्रम ठेवावा. या क्रमाला अर्धा तास लागतो आणि एकही गॅस्केट फाडावे लागत नाही.

पहिले तेल. दांडी काढून तेलाला वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला आणि तेलाची पातळी वाढलेली दिसली तर ब्लॉकवर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो. असे पातळ झालेले तेल घेऊन इंजिन चालवले तर आधी रॉड जातो. नेहमीच्या वापरात दर २५ तासांनी तेल बदलावे, असे या इंजिनांचे जुने पुस्तक सांगते. तेलाचा पंप आणि फिल्टर नसलेल्या इंजिनाला हा नियम पाळावाच लागतो.

दुसरी हवा. एअर फिल्टर तर पाहावाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पत्र्याचे आवरण काढावे. फ्लायव्हीलचा पंखा या आवरणातून ब्लॉकच्या पाकळ्यांवर हवा फेकतो. तिथे गवताचा भुसा आणि उंदरांची घरटी भरलेली सापडतात. बाहेरून इंजिन स्वच्छ दिसते आणि आत ते भाजून निघत असते. आपल्याकडे मळणीच्या दिवसांत शेतावर चालणाऱ्या हवेच्या इंजिनांची अवस्था वेगळी नसते.

तिसरे पेट्रोल. इंजिन पंधरा मिनिटे चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, ही तक्रार आली की टाकीचे झाकण सैल करून चालवून पाहावे. झाकणाचे छिद्र बुजले असेल तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. त्यानंतर नळी, मग कार्बोरेटरचा फ्लोट आणि जेट. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. अमेरिकेत ते साधारण १० टक्के असते, तर भारतात २०२५ साली मिश्रण २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला मऊ करते. म्हणून जुन्या इंजिनाच्या नळ्या आणि सील नव्या जातीच्या घालाव्यात आणि हंगाम संपला की टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. हे एक वाक्य गिऱ्हाइकाला सांगितले तर पुढच्या वर्षी त्याचे काम कमी होईल, पण तो दुसऱ्या मिस्त्रीकडे जाणार नाही.

चौथी ठिणगी. बॅटरीवर चालणाऱ्या या इंजिनांत प्लगचा गॅप ३५ थाऊ आणि सी.बी. पॉइंटचा २० थाऊ ठेवतात. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही बदलते, हे अनेकजण विसरतात. फ्लायव्हीलवर ‘एस’ अक्षराची खूण असते. ती भोकातून समोर आली की नेमके त्या क्षणी पॉइंट उघडले पाहिजेत. म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या २० अंश आधी. कळकटलेले पॉइंट कानशीने घासून वेळ मारून नेण्यापेक्षा नवे पॉइंट आणि कंडेन्सर घालणे स्वस्त पडते.

पाचवे कॉम्प्रेशन. इथे एक फसगत आहे. हँडलला किंवा स्टार्टरला जोर कमी लागावा म्हणून यातील बहुतेक इंजिनांत सुरुवातीच्या फेऱ्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी योजना असते. त्यामुळे गेज लावला तर चांगले इंजिनही कमी दाखवते आणि मिस्त्री उगाच रिंग बदलतो. पुस्तकातील उपाय सोपा आहे. प्लगची वायर काढून ठेवा, फ्लायव्हील नेहमीच्या उलट दिशेने जोरात फिरवा. ते उसळून परत आले तर कॉम्प्रेशन चांगले आहे. ढिलेपणाने फिरत राहिले तरच हेड खोलण्याचा विचार करावा.

खोललेच तर

हेड निघाल्यावर आधी कार्बन खरवडावा. मग हेड काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून कडेने फिलर गेज घालून पाहावा. ३ थाऊपेक्षा जास्त वाकलेले हेड नवे गॅस्केट घातले तरी गळणार. व्हॉल्व्ह लॅप करावेत. के-२४१ ते के-३४१ या इंजिनांत थंड असताना इनलेटच्या टॅपेटला ८ ते १० थाऊ आणि एक्झॉस्टला १७ ते १९ थाऊ जागा ठेवतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, जास्त वाढतो, म्हणून त्याला जागाही जास्त लागते. दोन्हीला सारखीच जागा देणारा मिस्त्री एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो.

बोअर वर, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी दोन्ही दिशांनी मोजावा. अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घालणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे धुरात घालणे होय.

सर्वांत नाजूक भाग कनेक्टिंग रॉड. तो अॅल्युमिनियमचा असून बेअरिंगच्या वाट्यांशिवाय सरळ क्रँकच्या पिनवर चालतो. रॉड आणि त्याची टोपी यांवरच्या खुणा जुळल्याच पाहिजेत आणि बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने पुस्तकातील आकड्यावर आवळले पाहिजेत. नवा रॉडसुद्धा मोजल्याशिवाय घालू नये. या मालिकेचे उत्पादन बंद होऊन बराच काळ झाला. आज जे सुटे भाग मिळतात त्यांतील बरेचसे इतर कारखान्यांचे असतात आणि सगळ्यांचा दर्जा सारखा नसतो. पिशवीवर छापलेल्या मापावर विश्वास ठेवू नये, मायक्रोमीटरवर ठेवावा.

गव्हर्नरला हात लावू नका

या इंजिनांची कमाल गती मिनिटाला ३,६०० फेरे धरलेली आहे. ती गव्हर्नर राखतो. त्याची स्प्रिंग ओढून किंवा तार बांधून इंजिन पळवले तर थोडा वेळ ताकद वाढल्यासारखी वाटते. मग रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो.

आम्ही हे ऐकीव सांगत नाही. उमेदीच्या काळात आम्ही एका उस्तादांच्या गॅरेजमध्ये शागिर्दी करत होतो. उन्हाळ्यात एका रसवंतीवाल्याने चरकाचे छोटे इंजिन आणले. ऊस घातला की इंजिन दबते, अशी तक्रार होती. उस्ताद बाहेरगावी होते. आम्ही गव्हर्नरची स्प्रिंग आखडली, इंजिन जोरात पळू लागले, रसवंतीवाला खूश झाला आणि आम्हीही. तिसऱ्या दिवशी ब्लॉकला मुठीएवढे भोक पडलेले ते इंजिन हातगाडीवरून परत आले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. उस्तादांनी दुसरा जुना ब्लॉक शोधून स्वतःच्या खर्चाने इंजिन बांधून दिले आणि हंगामाचे बुडालेले दिवस म्हणून त्या माणसाकडून मजुरीही घेतली नाही. आम्हाला ते रागावले नाहीत. इंजिन दबण्याचे खरे कारण त्यांनी दाखवले, तेव्हा आमची मान खाली गेली. सायलेन्सर कार्बनने बुजलेला होता. लोखंडी सळई घालून तो साफ करायला त्यांना दहा मिनिटे लागली.

आपल्या कारागिरांसाठी

ही माहिती आपल्या कामाची नाही, असे कोणी म्हणू नये. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील ग्रीव्हजच्या कारखान्यातून तीनचाकी वाहनांची एक सिलिंडरची डिझेल इंजिने वर्षानुवर्षे बाहेर पडली. त्यांची मूळ रचना इटलीच्या लोम्बार्डिनी कंपनीची होती. ती लोम्बार्डिनी कंपनी २००७ साली कोहलरने विकत घेतली आणि २०२४ मध्ये कोहलरचा इंजिनांचा व्यवसाय वेगळा होऊन निराळ्या नावाने चालू लागला. मालक बदलतात, नावे बदलतात, सुटे भाग बंद होतात. ज्या मिस्त्रीकडे मापे लिहून ठेवलेली असतात त्याचे काम मात्र चालू राहते. डिझेल इंजिनात प्लग आणि पॉइंट नसतात, पण तेल, हवा, टॅपेट, रॉड आणि गव्हर्नर यांचे नियम तेच आहेत.

म्हणून आमच्या गॅरेजवाल्या बांधवांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, फिलर गेज, मायक्रोमीटर आणि टॉर्क रेंच ही हत्यारे चैनीची समजू नयेत. एक फुकट गेलेला ब्लॉक त्यांच्याहून महाग पडतो. दोन, प्रत्येक इंजिनासाठी वहीत एक पान ठेवावे. आल्याची तारीख, तक्रार, तपासणीत काय आढळले, बोअरचे आणि पिनचे माप, काय घातले. तेच इंजिन तीन वर्षांनी परत आले की हे पान नव्या मुलालाही वाट दाखवील. तीन, तपासणीची मजुरी वेगळी सांगून घ्यावी आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. सुरुवातीला काहीजण कुरकुर करतील. पण फक्त झाकणाचे छिद्र मोकळे करून इंजिन चालू करून दिले आणि तेवढेच पैसे घेतले, ही गोष्ट बाजारात लवकर पसरते.

उस्तादांनी तो तुटलेला रॉड कामाच्या टेबलावर खिळ्याला टांगून ठेवला होता. नवा मुलगा कामाला आला की त्याला पहिल्या दिवशी तो हातात द्यायचे आणि मगच पाना द्यायचे.