शब्द चार भाषांचे, व्याकरण एकाच गावाचं

भाषाविज्ञानाचे विद्यार्थी जगात कुठेही भाषासंपर्क शिकत असले, तरी सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव त्यांच्या कानावर पडतंच. ते गाव म्हणजे कुपवाड. १९७१ साली जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी इथल्या बोलींवर एक लेख लिहिला, आणि शब्द व व्याकरण यांच्या नात्याबद्दल जे गृहीत धरलं जात होतं त्याला धक्का बसला.

तेव्हाचं कुपवाड म्हणजे तीनेक हजार वस्तीचं गाव. मुलूख पूर्वीच्या दक्षिण साताऱ्यातला. १९६०मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड चाले, मुस्लिम घरांत उर्दू, दलित वस्तीत मराठी. दोर वळणारी काही तेलुगूभाषक कुटुंबंही होती. शेत, बाजार, चावडी सगळ्यांची एकच, त्यामुळे बहुतेक पुरुष दोन-तीन भाषा सहज बोलत.

त्या लेखातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य जनावरांच्या चाऱ्याचं आहे. मराठी माणूस म्हणतो, ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ उर्दू बोलणारा म्हणतो, ‘पाला जरा काट के ले के आया.’ ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून पाहा. ‘कापून’खाली ‘काट के’, ‘घेऊन’खाली ‘ले के’, ‘आलो’खाली ‘आया’. कन्नड वाक्यात पाल्याला आणि कापण्याला शब्द वेगळे येतात, पण क्रम हाच, प्रत्यय याच जागी, आणि मधला ‘जरा’सुद्धा तोच. एका भाषेतला शब्द काढून त्या जागी दुसऱ्या भाषेतला ठेवला की भाषांतर झालं. प्रमाण कन्नड, प्रमाण मराठी आणि लखनौची उर्दू यांच्यात असं करून पाहिलं, तर ते पावलोपावली अडतं.

आणखी खोलवरचा बदल लिंगाचा आहे. कन्नडमध्ये माणसांत पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी आणि माणसाखेरीज बाकी सगळं नपुंसकलिंगी, असा सरळ हिशेब असतो. मराठीत मात्र नदी स्त्रीलिंगी आणि डोंगर पुल्लिंगी. त्याला कारण विचारायचं नाही. कुपवाडच्या मराठीत पुराबद्दल बोलताना ‘तित नदी आलं’ असं वाक्य मिळालं. मराठीनं आपली तिन्ही लिंगं राखली, पण ती वाटण्याचा नियम कन्नडचा घेतला. उर्दूत तर नपुंसकलिंगच नाही, म्हणून तिथे ‘नदी आया’ झालं. देवघेव दुसऱ्या दिशेनंही झाली. प्रमाण कन्नडमध्ये ‘हे आमचं घर’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं. कुपवाडच्या कन्नडनं मात्र मराठीसारखं शेवटी ‘आहे’ जोडायला सुरुवात केली. तिघींत सर्वाधिक बदलली ती उर्दू, मराठी त्या मानानं कमी.

हे नवलाचं का? कारण एरवी उलटं घडतं. इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा पूर आला, तरी वाक्याचा सांगाडा जर्मानिकच राहिला. सारा थॉमसन आणि टेरेन्स कॉफमन यांनी १९८८मध्ये मांडलेल्या उसनवारीच्या श्रेणीतही आधी शब्द येतात. संपर्क फार दाट झाला तरच रचना हलते. कुपवाडात रचना हलली आणि शब्द ठाम राहिले.

गम्पर्झ-विल्सन यांनी याचं उत्तर समाजात शोधलं. घरची भाषा ही जातीची आणि धर्माची ओळख होती. ती सोडणं म्हणजे आपल्या माणसांतून उठणं. ओळख मिरवायला शब्द पुरतात, कारण ते कानाला लगेच कळतात. वाक्याच्या घडणीकडे बोलणाऱ्याचं लक्षच नसतं, त्यामुळे दिवसभर या भाषेतून त्या भाषेत जाणाऱ्या माणसाला एकाच साच्यात बोलणं सोयीचं पडलं.

मला हा मुद्दा आजच्या मराठीसाठी फार मोलाचा वाटतो. आपली भाषाशुद्धीची चळवळ शब्दांवर लढली. ‘तारीख’ जाऊन ‘दिनांक’ आला. दरम्यान ‘मला मदत कर’चं हिंदीच्या वळणानं ‘माझी मदत कर’ होत गेलं. यातला एकही शब्द परका नाही, म्हणून पहारेकऱ्यांना ते दिसलं नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, त्याला पुण्यात अशुद्ध ठरवतात. कन्नडमध्ये ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ या दोन्हींना एकच ‘बंदे’ चालतं, हे ठाऊक असलं तर त्या बोलण्यातला शेजार ऐकू येतो. त्याला चूक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कुपवाड आता खेडं राहिलेलं नाही. १९९८मध्ये ते सांगली-मिरजेबरोबर महापालिकेत गेलं, औद्योगिक वसाहत वाढली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी तिथल्या बोली पुन्हा अभ्यासल्या आणि शब्दाला शब्द ठेवण्याच्या त्या जुन्या सिद्धांताची चिकित्सा केली. शाळा, कारखाना, कचेरी सगळीकडे मराठी असताना घरातली कन्नड किती पिढ्या टिकेल, हा प्रश्न आहेच. समजा, ती गेली. तिचे शब्द तर जातील. पण तिनं मराठीला दिलेला लिंगाचा हिशेब मागे उरेल का? ते तपासायचं तर तीन भाषांत सहज वावरलेल्या तिथल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं आत्ताच ध्वनिमुद्रित करायला हवं.