'नाईट'चा हिशेब: तरुण रंगमंच कामगाराचा एक आठवडा

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर प्रयोगाच्या मोबदल्याला 'नाईट' म्हणतात. प्रयोग सकाळचा असो, दुपारचा असो की रात्रीचा, आणि मोबदला घेणारा नट असो, व्यवस्थापक असो की पडदा ओढणारा, ज्याला-त्याला त्या प्रयोगाची 'नाईट' मिळते. महिना कसा गेला याची चौकशीही 'किती नाईट झाल्या' अशाच शब्दांत होते. नाटके रात्री उभी राहून पहाटेपर्यंत चालत, त्या काळाची आठवण हा शब्द जागवतो. मोजमाप म्हणून मात्र तो अपुरा आहे, कारण पडदा उघडल्यापासून पडेपर्यंतचे दोन-अडीच तास त्यात धरले जातात आणि त्या तासांच्या अलीकडे-पलीकडे पसरलेले काम त्यातून निसटते. विशी-पंचविशीतल्या रंगमंच कामगाराच्या आठवड्यातील चढउतार समजून घ्यायचे, तर या निसटलेल्या तासांपासूनच सुरुवात करावी लागते.

'रंगमंच कामगार' या शब्दात बरीच मंडळी सामावतात. नेपथ्य लावणारे, दिवे बांधणारे आणि चालवणारे, ध्वनियंत्रणा सांभाळणारे, कपडेपट, म्हणजे पात्रांच्या कपड्यांची धुलाई, इस्त्री आणि डागडुजी, पाहणारे, रंगभूषाकाराचे मदतनीस आणि 'प्रॉपर्टी', म्हणजे पात्रे रंगमंचावर हाताळतात त्या कपबशा, पत्रे, पिशव्या, छत्र्या अशा वस्तू, जागच्या जागी ठेवणारे असे सगळे त्यात येतात. यांपैकी 'नेपथ्य' या शब्दाचा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा आणि तिथे चढवला जाणारा वेष. मराठीत मात्र तोच शब्द प्रेक्षकांसमोर उभ्या केलेल्या दृश्यरचनेसाठी रूढ झाला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटकापूर्वी करावयाच्या विधींना 'पूर्वरंग' म्हटले असून त्याचे पहिले अंग 'प्रत्याहार', म्हणजे वाद्यांची मांडणी, हे आहे. शास्त्रकारांनी मांडामांडीला प्रयोगाचाच भाग मानले होते. आजच्या हिशेबात ती 'नाईट'च्या बाहेर पडली.

मंडळी ते कंत्राट

असे का झाले, याचे उत्तर नाटकधंद्याच्या बदललेल्या रचनेत आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यानंतरच्या काळात किर्लोस्कर नाटक मंडळी किंवा १९१३ साली स्थापन झालेली गंधर्व नाटक मंडळी यांसारख्या संस्था फिरत्या बिऱ्हाडासारख्या चालत. गायक नट, साथीदार, पडदे रंगवणारे, आचारी आणि गडीमाणसे एका गावाहून दुसऱ्या गावी एकत्र जात, मुक्काम आठवडेच्या आठवडे पडे आणि जेवणखाणाची जबाबदारी मंडळीवर असे. बोलपटांच्या आगमनानंतर ही व्यवस्था ढासळली आणि पुढे निर्मात्याने एकेका नाटकापुरती माणसे जमवून प्रयोगागणिक पैसे द्यावेत, ही कंत्राटी पद्धत रुळली. कामगार मंडळीचा राहिला नाही, तो प्रयोगाचा झाला. परिणामी आज एकच तरुण शुक्रवारी एका निर्मात्याच्या कौटुंबिक नाटकाचा दिवाणखाना लावतो आणि रविवारी दुसऱ्याच्या रहस्यनाटकातील बंगला उभा करतो.

उलटा आठवडा

या तरुणाचा आठवडा इतरांच्या आठवड्याच्या उलट चालतो. चाकरमान्यांची सुट्टी हा त्याच्या कामाचा मोसम असल्याने शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र हा त्याचा भर असतो, तर सोमवार-मंगळवार बहुधा रिकामे जातात. रिकामे म्हणजे बिनकामाचे नव्हेत: गोदामात जाऊन फाटलेले कापड ताणून ठोकणे, निखळलेल्या बिजागऱ्या बदलणे, पोपडे सुटलेल्या भिंतीला रंगाचा हात देणे ही कामे याच दिवसांत उरकतात. बुधवार-गुरुवारी एखाद्या नव्या नाटकाची रंगीत तालीम, म्हणजे वेषभूषा, प्रकाश आणि संगीतासह प्रत्यक्ष प्रयोगासारखी केलेली तालीम, असेल तर पहाट होते, कारण दिव्यांच्या जागा आणि संगीताचे क्षण ठरवताना तेच दृश्य पुन्हापुन्हा थांबवून करावे लागते.

आठवड्याचा नकाशा निर्मात्याच्या हाती जितका असतो, तितकाच नाट्यगृहांच्या तारखांच्या हाती असतो. बहुतेक नाट्यगृहे दिवसाची सत्रांत विभागणी करतात आणि काही महिन्यांच्या तारखा एकदम वाटतात. पुण्यात दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ या वेळा प्रेक्षकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. रविवारी दादरच्या शिवाजी मंदिरात दुपारचा प्रयोग आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये रात्रीचा प्रयोग अशी जोडणी झाली, तर दोन नाईट पदरात पडतात. त्यांच्या मधल्या वेळात संपूर्ण दिवाणखाना उतरवून, बांधून, रस्त्यावरच्या गर्दीतून नेऊन पुन्हा जसाच्या तसा उभा करायचा असतो, आणि जेवण झालेच तर नाट्यगृहाच्या कँटीनमधल्या बटाटेवड्यावर भागवायचे असते.

दिवाणखाना उभा राहतो तेव्हा

मराठी नाटकाचे नेपथ्य मुळातच प्रवासासाठी घडवलेले असते. भिंत म्हणून जी दिसते ती अनेक 'फ्लॅट'ची, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लाय ठोकून केलेल्या तुकड्यांची, बनलेली असते. हे तुकडे बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडतात, मागून तिरप्या लाकडी टेक्याने आधार देतात आणि टेक्याच्या पायाशी वजन ठेवतात. दारावर सर्वांत अधिक मेहनत घेतली जाते, कारण रागाने निघून जाणाऱ्या पात्राने दार आपटताच सगळी भिंत थरथरली, तर घराचे कापड होते आणि गंभीर प्रसंगाला हशा पडतो.

खरी कसोटी नाट्यगृह बदलले की लागते. प्रत्येक रंगमंचाची कमान, म्हणजे प्रेक्षकाला रंगमंच ज्या चौकटीतून दिसतो ती, निराळ्या रुंदीची असते आणि रंगमंचाची खोलीही सारखी नसते. जागा अरुंद असेल, तर बाजूच्या भिंतींचा कोन बदलावा लागतो. खोली कमी पडली, तर सोफा पुढे सरकतो, सोफा सरकला की नटाच्या पावलांची संख्या बदलते आणि त्याबरोबर त्याच्यावर पडणाऱ्या दिव्याची दिशाही बदलावी लागते. सगळे लागल्यावर जाणता कामगार पहिल्या रांगेतल्या टोकाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि तिथून विंगेतले, म्हणजे रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना आडोशाआड ठेवलेल्या जागेतले, काही दिसत नाही ना हे पाहतो. प्रेक्षकाला शंभरावा प्रयोग पहिल्यासारखाच वाटतो, तो असमान जागांत एकच गोष्ट समान उभी करण्याच्या या कौशल्यामुळे.

दिव्यांचे कामही असेच नव्याने करावे लागते. शिडीवर चढून दिवे आडव्या नळ्यांना टांगले जातात आणि मग ते कुठे पडतात हे पाहण्यासाठी नटाच्या जागी कोणाला तरी उभे करतात. बहुधा चमूतला सर्वांत धाकटा त्या कामी येतो आणि 'अर्धं पाऊल मागे, मान वर' अशा सूचना ऐकत डोळे मिचकावत उभा राहतो. हॅलोजनचा दिवा मंद करत नेला, की त्याचा उजेड तांबूस होत जातो. एलईडी दिवा कमी वीज घेतो, कमी तापतो आणि एकाच दिव्यातून अनेक रंग देतो, पण त्याचे मंदावणे निराळे असते. म्हणूनच जुन्या नाटकातील संध्याकाळ नव्या दिव्यांवर बसवताना नवशिक्याला तांत्रिक माहितीबरोबरच डोळाही तयार करावा लागतो.

तिसऱ्या घंटेनंतर

प्रयोगापूर्वी रंगमंचावर उदबत्ती ओवाळली जाते, नटराजाला नमस्कार होतो, रंगदेवता आणि रसिक प्रेक्षकांना अभिवादन करणारी उद्घोषणा होते आणि तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडतो. यानंतर कामगाराचे काम 'क्यू'वर, म्हणजे कोणत्या वाक्याला वा हालचालीला कोणती कृती करायची याच्या ठरलेल्या इशाऱ्यांवर, चालते. फोनची घंटा नटाने रिसीव्हर उचलल्यानंतरही वाजत राहिली किंवा अंधार एक वाक्य आधी झाला, तर चूक सभागृहभर समजते. अंधारात काही सेकंदांत टेबल उचलून पलंग ठेवायचा, तर जमिनीवर केलेल्या बारीक खुणा आणि पाठ झालेली पावले एवढाच आधार असतो. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये १९७२ साली माणसांच्या रांगेचाच पडदा करण्यात आला, त्यामुळे पडद्याचे काम नटांच्या अंगी आले. दिवाणखान्याच्या नाटकात मात्र ते आजही विंगेत उभ्या असलेल्या माणसाचेच असते.

पडदा पडल्यावर प्रेक्षक कलाकारांना भेटण्यासाठी रंगपटाकडे, म्हणजे रंगभूषेच्या खोलीकडे, वळतात, तेव्हा इकडे बिजागऱ्यांतल्या सळ्या निघू लागलेल्या असतात. पुढच्या सत्राची मंडळी दाराशी थांबलेली असल्यामुळे उतरवण्याला लावण्यापेक्षा अधिक घाई असते, आणि बोटाला खिळा लागणे किंवा पायावर चौकट येणे असे अपघात प्रामुख्याने याच वेळी होतात. रात्रीच्या प्रयोगानंतर शेवटची लोकल हुकली, तर बसमध्ये किंवा नाट्यगृहाच्या आवारातच पहाटेची वाट पाहावी लागते.

दौरा, आणि हुकलेली नाईट

दौरा, म्हणजे बाहेरगावच्या प्रयोगांची सलग मालिका, हा या जीवनातील सर्वांत दमवणारा आणि तरुणांना सर्वांत हवासा वाटणारा भाग. नाईट सलग मिळतात, बरोबर भत्ता मिळतो आणि नाशिक, कोल्हापूर, पणजीचे प्रेक्षक एकाच विनोदावर निरनिराळ्या जागी कसे हसतात हेही ऐकायला मिळते. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ साली राजर्षी शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत भस्मसात झाले, तेव्हा एका शहराचा वारसा हरपला आणि त्याचबरोबर दौऱ्यांच्या वाटेवरचे एक हक्काचे ठिकाणही गेले. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचे गणित आणखी वेगळे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे तिचे केंद्र असून दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत सुरू होणारा तिचा हंगाम होळीच्या सुमारास आटोपतो, आणि नाटक रात्रभर चालत असल्याने तिथे 'नाईट' हा शब्द अक्षरशः खरा ठरतो.

प्रयोग रद्द झाला, की या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसते. प्रमुख नटाचा घसा बसणे, चित्रीकरण लांबणे, मुसळधार पावसाने रेल्वे बंद पडणे किंवा बुकिंगच्या प्लॅनवर, म्हणजे खुर्च्यांच्या नकाशावर, पुरेशा खुणा न होणे, यांपैकी कशानेही प्रयोग बुडू शकतो. नटाला मालिका किंवा चित्रपट हा दुसरा आधार असतो, निर्मात्याला दुसरे नाटक असते. कामगाराच्या मात्र महिन्यातून थेट एक नाईट वजा होते, मग नेपथ्य गाडीत चढून अर्ध्या वाटेवर पोहोचलेले का असेना. काही निर्माते अशा वेळी अर्धी नाईट देतात, काही देत नाहीत, आणि तो बहुतांशी संबंधांचा प्रश्न राहतो. या पद्धतीचा कच्चेपणा मार्च २०२० मध्ये सर्वांसमोर आला. करोनामुळे नाट्यगृहे बंद झाली, नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या आसनक्षमतेने उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाली. नाईट नाही म्हणजे उत्पन्न नाही, अशा या मधल्या काळात कलावंत, संस्था आणि प्रेक्षकांनी शिधा व मदत गोळा केली; पण कित्येक कामगार भाजीची गाडी, डिलिव्हरी किंवा रखवालीकडे वळले.

तरीही नवी मुले येत राहतात. काही जण १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांतून येतात, जिथे लेखनापासून खुर्च्या उचलण्यापर्यंत सारे विद्यार्थीच करतात. काही जण काका-मामांचे बोट धरून येतात. पुण्याचे ललित कला केंद्र किंवा मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग अशा ठिकाणी रीतसर शिक्षण मिळते, मात्र कोणत्या नाट्यगृहाची कोणती नळी वजन पेलत नाही आणि कुठल्या दारातून दहा फुटी फ्लॅट तिरका केल्याशिवाय जात नाही, हे ज्ञान वडीलधाऱ्या कामगाराच्या बरोबर उचलाउचल करूनच अंगी येते.

त्यातला पहिला धडा गाडी भरण्याचा असतो. रंगमंचावर जे सर्वांत आधी लागणार ते गाडीत सर्वांत शेवटी चढवायचे, म्हणजे पुढच्या नाट्यगृहाच्या दारात ते सर्वांत आधी हाती येते. याचा अर्थ असा, की रविवारी मध्यरात्री उतरवलेला दिवाणखाना पुढच्या शुक्रवारच्या क्रमाने भरला जातो आणि एका प्रयोगाचे शेवटचे काम हेच पुढच्या प्रयोगाचे पहिले काम ठरते. नाईट कुठे सुरू होते आणि कुठे संपते, असे त्या वेळी गाडीत उभ्या असलेल्या मुलाला विचारले, तर त्याला ते सांगता येणार नाही. मोबदल्याच्या वहीत मात्र त्या दोन्ही टोकांच्या मध्ये एकच ओळ भरलेली असते.